अकराव्या वर्षाची रेघ

बारकीच्या हाताखालून गेलेलं घर कधी नवं दिसत नसे, आणि तिच्याकडे लोकांची रांग लागायची ती त्याचसाठी. चकचकीत घरं लावून देणारे गल्लोगल्ली पडले होते. बारकी मात्र घर असं लावायची की आत पाऊल टाकताच वाटावं, इथे तीन पिढ्या जेवल्या, भांडल्या, आजारी पडल्या आणि बऱ्या झाल्या. "या वर्षी काय चालतंय ते मला सांगू नका," असं ती गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत ऐकवायची. "जे या वर्षी चालतं ते पुढच्या वर्षी बघवत नाही. तुमची आजी खुर्ची कुठे ओढून बसायची ते सांगा."

आता आजीची खुर्ची काही सगळ्यांकडे नसते. कुणाची आजी दुसऱ्या मुलाकडे राहिलेली असते, कुणाची खुर्ची भंगारात गेलेली असते. अशांना बारकी ती करून द्यायची. नव्या लाकडावर साखळीचे फटके मारायचे. टेबलाच्या कडा घासायच्या, पण जिथे मनगटं टेकतात तिथेच, दुसरीकडे नाही. जिन्याच्या कठड्याला वळणावर जास्त झीज द्यायची, कारण पोरं वळणावरच कठडा धरून गरकन फिरतात. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस भिजवून त्याचं पाणी फिरवलं की काल कापलेलं लाकूड आजोबांच्या काळातलं होतं. वीस वर्षं घर वापरायला लोकांना सवड नव्हती, म्हणून बारकी ते काही आठवड्यांत वापरून द्यायची. यात फसवणूक आहे असं तिला कधी वाटलं नाही. लोकांना ऊब हवी असते, आणि ती कुठून आली हे कोणी विचारत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

पन्नाशी ओलांडलेली, पांढऱ्या केसांची, सुतार-रंगाऱ्यांना धाकात ठेवणारी ही बाई बाहेर सगळ्यांची मॅडम होती. बारकी हे घरातलं नाव. त्या नावाने हाक मारणारी माणसं आता दोनच उरली होती, आई आणि दादा. आपणही तिला बारकीच म्हणू, कारण ही गोष्ट घरातलीच आहे.

दादाचं चष्म्यांचं दुकान होतं. जगाला स्पष्ट दिसावं म्हणून जन्मभर खपलेला हा माणूस घरात मात्र सोयीचं तेवढंच बघायचा. वडिलांनी बांधलेल्या दुमजली घरात तो, वहिनी आणि आई असे राहत. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, दादाची मुलं शिकून बाहेर पडली होती, आणि घराला अवकळा आली होती. एक दिवस दादाचा फोन आला. "घर एकदा नीट लावून घेऊ म्हणतो. बाहेरच्या माणसाला कशाला द्यायचं? तूच कर." बाहेरच्या माणसाला, हे शब्द ऐकून बारकी फोनवरच हसली. दादाला वाटलं, ती खूश झाली.

त्या हसण्याचं कारण फार जुनं होतं. नऊ वर्षांची असताना बारकी सुट्टीत मावशीकडे गेली. मावशीला मूलबाळ नव्हतं, घर मोठं होतं, गाव लांबचं होतं. बारकीबरोबर एक पिशवी होती आणि तिच्यात दोन फ्रॉक आणि एक चेंडू. सुट्टी संपत आली तशी ती पिशवी भरून रोज सकाळी दाराशी ठेवायला लागली. मग एके दिवशी एक मोठं खोकं आलं. त्यात तिचे घरी राहिलेले सगळे कपडे होते आणि तळाशी, नीट घडी घालून, लोकरीचा स्वेटर. बाहेर ऊन रणरणत होतं. स्वेटर हातात घेतल्यावर तिला कळलं की थंडीतही आपण इथेच असणार. कोणी तिला काही सांगितलं नाही. तिने पिशवी दारातून उचलून आत नेली.

पुढे घरात अशी गोष्ट ठरली की बारकीनेच हट्ट धरला होता, तिला मावशीचा फार लळा. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की सांगणाऱ्यांना ती तोंडपाठ झाली. अडचण अशी की मावशी खरोखरच चांगली होती. अकराव्या वर्षी बारकी महिनाभर तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा मावशी तिला मागून काखेत धरून न्हाणीघरापर्यंत चालवायची आणि कानाशी म्हणायची, "मी धरलंय, तू फक्त पाय टाक." आई आली नाही. दादाची परीक्षा होती. सुट्टीत बारकी घरी गेली की आई कपाट उघडून तिला पाहुण्यांचा टॉवेल काढून द्यायची.

मावशी गेली त्यालाही काळ लोटला. बारकीला आता आईकडून एकच गोष्ट हवी होती, आणि दादाचं काम तिने अंगावर घेतलं ते तेवढ्यासाठीच. आईने एकदा तोंडाने म्हणावं, आम्ही तुला देऊन टाकलं. माफी नको होती, रडारड तर मुळीच नको होती. तेवढं एक वाक्य हवं होतं. आई ऐंशी पार करून गेली होती, आणि वाट बघायला फार दिवस उरलेले नाहीत हे बारकीला कळत होतं.

काम झकास चाललं. बारकीने एकही भिंत पाडली नाही. स्वयंपाकघराची खिडकी तेवढी मोठी केली आणि जेवणाचं टेबल तिच्याखाली आणलं, कारण घरातली भांडणं टेबलावरच होतात आणि भांडताना निदान उजेड तरी असावा. वडिलांचं हत्यारांचं कपाट पुस्तकांना दिलं. आईची खुर्ची होती तिथेच ठेवली, फक्त हात टेकायला शेजारी एक ठेंगणं फडताळ करून घेतलं. दादाने चकचकीत काळ्या दगडाचं टुमणं लावलं होतं, तिकडे तिने सरळ कानाडोळा केला. वहिनी रोज दुपारी येऊन सगळ्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "ताई, आपलंच घर, पण आत्ता कुठे दिसायला लागलं."

एका गोष्टीला मात्र तिने कोणालाही हात लावू दिला नाही. ती म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराची चौकट. त्या चौकटीवर रेघा होत्या. दर वाढदिवसाला वडील पोरांना तिथे पाठ लावून उभं करायचे, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचे, पेन्सिलीने रेघ ओढायचे आणि पुढे वय लिहायचे. डावीकडे दादा, उजवीकडे बारकी. दादाच्या रेघा चढत चढत अठरापर्यंत गेल्या होत्या. बारकीच्या नऊला थांबल्या होत्या. त्यांच्या वर नुसतं कोरं लाकूड होतं.

अशी चौकट परक्या घरात सापडली असती तर बारकीने तिच्याभोवती अख्खं घर बेतलं असतं. इथेही तिने तेच केलं. भिंतींना मऊ, फिका रंग दिला आणि चौकट होती तशी ठेवली, म्हणजे आत येणाऱ्याची नजर आधी तिथेच जावी. आई दिवसातून कितीतरी वेळा त्या दारातून जायची यायची. बारकी टेबलाशी बसून कागदावर काहीतरी गिरवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची. आई काही बोलली नाही.

बोलल्या त्या वहिनी. दुपारचा चहा चालला होता, दादाही दुकानातून जेवायला आला होता तो रेंगाळला होता.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"त्या रेघा. चौकट सुंदरच आहे, प्रश्नच नाही. पण परवा शेजारीण आली होती. उजवीकडे बघितलं आणि एकदम आवाज खाली आणून मला म्हणते, ही मुलगी कशाने गेली हो?"

दादा चहात बिस्किट बुडवत होता. ते तुटून कपात पडलं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, अहो चांगली धडधाकट आहे, तीच तर घर लावतेय. पण किती जणांना सांगत बसणार? मासिकवाले येणार आहेत फोटो काढायला. छापून आलं की जो तो तेच विचारणार. दिसायला बरं दिसत नाही ते." वहिनी मनाने वाईट नव्हत्या, त्यांना खरंच बरं दिसत नव्हतं. "पूर्ण करून टाका ना. तुमच्या तर डाव्या हातचा मळ."

बारकीने दादाकडे बघितलं. दादा चमच्याने कपातलं बिस्किट शोधत होता.

"तुझं काय म्हणणं, दादा?"

"तुम्ही ठरवाल ते. रेघाच तर आहेत."

बारकीच्या अंगाची लाही लाही झाली. चाळीस वर्षांत या माणसाने तिच्याबद्दल एकदा तोंड उघडायची वेळ आली होती, आणि त्याला बिस्किट महत्त्वाचं वाटलं. ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. आई खुर्चीत बसून मटार सोलत होती.

"आई, चौकटीवरच्या माझ्या रेघा पूर्ण करायच्यात. दहाव्या वर्षी मी केवढी होते?"

आईचा अंगठा थांबला नाही. "दादाच्या खांद्याला लागायचीस."

"आणि बाराव्या वर्षी?"

"तू लवकर वाढलीस. कपडे पुरायचे नाहीत तुला."

"कुठले कपडे, आई?"

आईने शेंग दाबली, दाणे पातेल्यात पडले. "सगळेच."

"मी इथे नव्हते."

"सुट्टीत यायचीस की."

"मी का गेले होते?"

"तुला आवडायचं तिकडे. मावशीचा पदर सोडायची नाहीस. तूच म्हणालीस, मी इथेच राहते." आईचा आवाज अगदी शांत होता. "आणि वाईट काय झालं तुझं? शिकलीस, नाव काढलंस. ते पातेलं जरा इकडे सरकव."

बारकीने पातेलं सरकवलं.

आई विसरली असेल असं तिला क्षणभरही वाटलं नाही. वरच्या मजल्यावरच्या कुठल्या भाडेकरूने कुठली काच फोडली आणि ती भरून दिली की नाही, हे आई आजही सांगायची. तेव्हा बारकीने मनाशी एक बेत केला. रेघा ओढायच्या, इतक्या हुबेहूब की कोणाची शंका घ्यायची टाप होऊ नये. पण त्यात एक रेघ अशी घालायची की आईला गप्प बसताच येणार नाही. अकराव्या वर्षाची रेघ दहाव्याच्या खाली काढायची. पोर कधी उंचीने कमी होत नाही. कोणीतरी विचारेलच, हे असं कसं? आणि ज्या बाईला सगळं आठवतं तिला सांगावं लागेल, ही रेघ खोटी आहे, त्या वर्षी ती इथे नव्हतीच. तापाचं वर्ष बारकीने मुद्दाम निवडलं. आई ज्या वर्षी आली नाही, तेच वर्ष तिला आईच्या समोर ठेवायचं होतं.

एका सकाळी घर रिकामं असताना ती कामाला बसली. वडिलांच्या कपाटात सापडलेली चपटी पेन्सिल तिने तासली आणि आधी फळीच्या तुकड्यांवर हात बसवला. वडिलांचा एकचा आकडा खाली जरा लोंबायचा, सात काढताना ते हात न उचलता वळण घ्यायचे. रेघ ओढली की ती कोरडी, ताजी दिसते, म्हणून तिच्यावर मेणाचा बोळा फिरवायचा आणि मग चिमूटभर धूळ बोटाने चोळायची. येणाऱ्या जाणाऱ्यांचे खांदे जिथे घासतात तिथल्या रेघा जास्त पुसट करायच्या. वर, जिथे कोणाचा हात जात नाही, तिथल्या स्पष्ट ठेवायच्या. बारकीला हे सगळं येत होतं. हेच तर येत होतं.

एक गोष्ट मात्र तिच्या हिशेबात नव्हती. तिला ते आवडायला लागलं. बारा, तेरा, चौदा. तेराव्या वर्षी तिने स्वतःला चांगली चार बोटं वाढवलं. वडिलांनी पुस्तक डोक्यावर धरलंय आणि म्हणतायत, हलू नकोस गं, असं तिने मनाशी ठरवून बघितलं, आणि मग तिला काही दिसेना. डोळे पुसून तिने पंधराव्याची रेघ ओढली. ती जरा थरथरली, पण वडिलांचीही कधी कधी थरथरायची.

मिस्त्री दुपारी आला, तेव्हा त्याने चौकटीकडे बघून मान तिरकी केली. "मॅडम, ही खाली गेली."

"माहीत आहे."

"पोरगी खचली की काय?"

"राहू दे तशीच."

मिस्त्रीने तिच्याबरोबर आजवर इतक्या लाकडांना खोटं म्हातारपण दिलं होतं की त्याने पुढे विचारलं नाही.

वहिनींना तर आनंद मावेना. त्यांना वर गेलेल्या रेघा दिसल्या, खाली आलेली दिसली नाही. दादा चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळ गेला, "बाबांचंच अक्षर," म्हणाला आणि दुकानात निघून गेला. आई दारातून जाताना थबकली, चौकटीवर पंजा ठेवला, आणि आत जाऊन तिने विचारलं की दूध कोणी वर काढून ठेवलंय का. बारकीने घाई केली नाही. मासिकाचा दिवस जवळ आला होता.

त्या दिवशी मासिकाची बाई आली, बरोबर फोटो काढणारा. बाई उत्साही होती. तिला खिडकी आवडली, टेबल आवडलं, आईची खुर्ची तर फारच आवडली. फिरत फिरत ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि वाकून रेघा वाचायला लागली. घरचे सगळे तिथेच उभे होते.

"किती छान. आठ, नऊ, दहा..." तिचं बोट थांबलं. "आणि हे काय? अकराव्या वर्षी खाली?"

बारकी पुढे झाली. "आईला विचारा," ती म्हणाली. "तिला सगळं आठवतं."

वहिनींनी वाकून बघितलं, तेव्हा कुठे त्यांना ती रेघ दिसली, आणि त्यांचा चेहरा उतरला. दादाने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. आई खुर्चीतून उठली. काठी टेकत ती चौकटीपाशी आली. तिने बोट नऊवर ठेवलं, दहावर नेलं, आणि मग खाली आणलं. बोट तिथे बराच वेळ राहिलं. बारकी त्या बोटाकडे बघत होती. बोल, आई. सगळ्यांसमोर बोल.

"अकरावं," आई म्हणाली. "त्या वर्षी हिला ताप आला होता. महिनाभर अंगात ताप. पाय लटलटायचे पोरीचे. हे म्हणाले, या वर्षी राहू दे. पण ही कसली ऐकते. मग मी हिला मागून काखेत धरलं आणि इथे उभी केली. म्हटलं, मी धरलंय, तू फक्त पाय टाक. गुडघ्यातून वाकली होती ना, म्हणून रेघ खाली गेली."

मासिकाच्या बाईचे डोळे भरून आले होते आणि ती भराभर लिहून घेत होती. "हे असलं कुठल्या दुकानात मिळत नाही," ती म्हणाली.

ताप खरा होता. महिना खरा होता. काखेतले हातसुद्धा खरे होते, फक्त ते मावशीचे होते. मावशीनेच कधीतरी बहिणीला विश्वासाने सांगितलं असणार, पोरीला कशी चालवली ते. मावशीची तेवढी एकच गोष्ट बारकीने आयुष्यभर जपून ठेवली होती, आणि आज तीही या घराला मिळाली. जागा तिनेच करून दिली होती, वडिलांच्या अक्षरात, वडिलांच्या पेन्सिलीने. आई काय करील याचा विचार तिने पुष्कळ केला होता. आईही आपल्यासारखीच कोऱ्या लाकडाला जुनं करू शकते, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

आई वळली आणि तिने बारकीकडे सरळ बघितलं. त्या नजरेत विसर नव्हता. आईला सगळं ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे बारकीला दिसतंय, हेही ठाऊक होतं.

"आठवतं ना, बारके?"

एक वाक्य बोललं असतं तरी पुरे होतं. ही रेघ मी गेल्या आठवड्यात ओढली. पण मग आधी बारकी खोटी ठरली असती, तिने लावलेली सगळी घरं खोटी ठरली असती, आणि ऐंशी ओलांडलेली आई चार माणसांत उघडी पडली असती. बारकीला आईचा एवढा राग कधीच आला नव्हता. आणि तरी, लाज वाटते सांगायला, मागून धरलं होतं हे आईच्या तोंडून ऐकताना तिला एक क्षणभर बरं वाटलं होतं. त्या क्षणासाठी तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

"आठवतं," ती म्हणाली.

दादाने चष्मा चढवला. वहिनींनी सुटकेचा श्वास टाकला. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही उभ्या राहता का तिथे? रेघांना पाठ लावून?" बारकी उभी राहिली. लाकूड पाठीला गार लागलं. आई शेजारी आली, टाचा उंचावल्या, आणि वडील पुस्तक धरायचे तसा तिने आपला पंजा बारकीच्या डोक्यावर आडवा ठेवला. बोटांची टोकं चौकटीला टेकली ती नेमकी सतराव्या वर्षाच्या रेघेवर. तसूभरही फरक नव्हता. बारकीचं काम चोख असायचं.

"बघा," आई त्या बाईला म्हणाली, "इथेच वाढली." आणि फोटो निघाला.